केळीला थंडी वाजते

आई गेल्यावर बाबांना मी पुण्याहून शारजाला घेऊन आले, ते कायमचे राहावेत म्हणून. त्यांनी मात्र निघण्याआधीच परतीचं तिकीट काढून ठेवलं, नोव्हेंबरचं. लेकीच्या घरी चार दिवस राहावं, मुक्काम ठोकू नये, हे त्यांचं मत. मला त्याचा राग यायचा. लेकीचं घर म्हणजे काय लॉज आहे? पुण्यात घरभर हुकूम सोडणारे बाबा इथे पाण्याचा ग्लाससुद्धा मागत नसत.

अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीचा खर्च भाड्यातच येतो, म्हणून नवरा तो सतत अठरावर ठेवतो. बाहेर आग, आत हिवाळा. त्या हिवाळ्यात त्याने हौसेने शोभेची केळ आणून ठेवली. पानांवर तांबडे पट्टे, फळाचं नाव नको.

"नुसती मिरवायला?" बाबा म्हणाले आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारीच बसले.

एक दिवस मी ऑफिसातून आले तर केळीच्या बुंध्याला बाबांचा मफलर गुंडाळलेला.

"केळीला थंडी वाजतेय गं."

मी मुकाट्याने एसी पंचवीसवर नेला. मग केळीला ऊन हवंसं झालं, पडदे सरकले. मग रोजच्या पास्त्याच्या वासाने केळीला मळमळायला लागलं. मी पिठलं-भात केला.

"आजोबा, प्लांट्स कान्ट स्मेल पास्ता," माझी लेक म्हणाली.

"तुला काय ठाऊक?" बाबांनी मफलर नीट केला.

"यल्ला, चला, केळीबाईंना विचारा, वीकेंडला कुठे जायचं," नवरा चिडवायचा.

ते दिवस मला झोपेत पाहिल्यासारखे आठवतात. बाल्कनीचं दार किलकिलं, दमट हवेने काचेवर धुकं, समोरचा टॉवर पुसून गेलेला. उन्हात पानाचा तांबूस रंग बाबांच्या सदऱ्यावर उतरायचा. ते डुलक्या घेत. नवं पान सुरळीतून सावकाश उलगडत असायचं, आणि वाटायचं, आई आतच आहे, आता विचारेल चहा ठेवू का म्हणून. तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये लिफ्ट वाजायची.

नोव्हेंबरात हवा सुखाची झाली आणि नवऱ्याने केळ बाल्कनीत नेली. तिकिटाचा दिवस जवळ आला होता. विषय काढायची माझी हिंमत होत नव्हती. हॉलचा कोपरा रिकामा, एसी पुन्हा अठरावर. बाबा हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग काचेपलीकडे. तिथे केळ वाऱ्यावर मजेत डुलत होती. तिला आता कसली थंडी!



"अगं, मला थंडी वाजतेय," ते म्हणाले. "बंद कर तो एसी."

रिमोट हातात धरून मी तशीच उभी राहिले. मला रडूच आलं.

"आणि बाबा, तिकीट?"

"आधी एसी!" ते खेकसले. "मग तिकीट कॅन्सल कर. आणि चहा टाक."