दीपगृहातल्या कुरडया

वहिनीचा फोन आला, "ताई, तुमचे दादा गेले जी," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "समुद्र खवळला होता काय?" खरं तर दादा निवृत्त होऊन आमच्या गावी, आंजीला परतला, त्याला कितीतरी वर्षं झाली होती. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. पण कोकणातल्या दीपगृहावर तो नोकरीला लागला तेव्हापासून माझ्या मनात जी धास्ती बसली होती, ती काही केल्या गेलीच नव्हती... वादळाची नुसती बातमी आली, तरी मी वर्ध्यात रात्रभर जागी राहायचे.

एका उन्हाळ्यात आई आणि मी त्याच्याकडे राहायला गेलो. दीपगृहाच्या टोकापुढे समुद्रात काळे खडक, निम्मे पाण्याखाली, आणि होड्यांची वाट त्यांच्यामधूनच. ते पाहून माझा जीव आणखीच घाबरा झाला. आईचं मात्र निराळंच. उन्हाळा आहे आणि कुरडया घालायच्या नाहीत, हे तिला पटेना. गहू तिनं आंजीहूनच नेले होते. अंगणात वारा, वाळू, कावळे. मग तिला वरची, दिव्याची काचेची खोली सापडली. चहूकडून ऊन, आणि ही शहाणी माणसं पडदे लावून बसलेली! तिनं पडदे सारले, लुगडं अंथरलं आणि कुरडया वाळत घातल्या.

ते पडदे दिवसभर लावूनच ठेवायचे असतात, कारण ऊन दिव्याभोवतीच्या जाड भिंगातून गेलं की आतलं काहीही जळतं. करपल्याचा वास आला तसा दादा जिना चढत धावला. दिव्याच्या वायरी वितळल्या होत्या.

"माय, हे काय करून ठेवलं व तू?"

"मले का मालूम रे बाप्पा, दिव्याले ऊन बाधते म्हणून!"

मासेमारीच्या होड्या सकाळीच बाहेर गेल्या होत्या, परतायच्या त्या अंधार पडल्यावर. जास्तीचा दिवा दुरुस्तीला गेलेला. दादानं नव्या वायरी जोडल्या, दिवा लागला आणि विझला. पुन्हा सगळं खोललं. आई कुरडयांचं लुगडं मांडीवर घेऊन जिन्यात बसून होती. मी खडकांकडे पाहत होते, आणि त्या होड्यांतली माणसं माझ्या मनात एकेक करून बुडत होती... अंधारायच्या बेताला दिवा लागला आणि टिकला. शेवटची होडी आत येईपर्यंत दादा खाली आला नाही. आला तो आईजवळ बसला आणि "तळ आता," एवढंच म्हणाला. माझ्या घशाखाली मात्र एकही कुरडई उतरली नाही.

आंजीला परतल्यावर त्याच्या काळजीनं फक्त जागा बदलली. तिन्हीसांजेला फाटकाशी उभा. आळीतलं बाहेरगावी गेलेलं माणूस एसटीनं परत येईपर्यंत ताटावर बसायचा नाही. वहिनी करवादायची, "लोकाईच्या लेकराईची तुमाले काऊन एवढी फिकर? भाजी थंडी होऊन राह्यली!"

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला त्या संध्याकाळी मी ताटं वाढली आणि वहिनीला शोधत बाहेर आले. ती फाटकाशी उभी होती. शेवटची एसटी येऊन गेली होती.

"चाल वहिनी, आले सारे," मी म्हणाले.

"थांबा जराशा, ताई," ती रस्त्याकडे पाहतच बोलली, "सारे नाई आले अजून..."

मी आत गेले आणि ताटं झाकून ठेवली.