चौथा कोपरा

नव्या कपड्याची कड चिमटीत धरायची, अंगठ्यानं चोळायची आणि तोंड वाकडं करून म्हणायचं, "ह्याला अंगच न्हाई!" तासगावातल्या आमच्या गल्लीत कुणाचीही दिवाळीची खरेदी चाचींच्या या चिमटीतून सुटली नाही. नवी साडी नेसून बाई समोर उभी असली, तरी आधी पदर चिमटीत.

चाची हातानं वाकळा शिवायच्या. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे आणि कडेनं धावदोरा घालत आत यायचं, दोन-दोन महिने. ईद असो की दिवाळी, सणाआधी पंधरा दिवस त्या पेठेत पाऊल टाकायच्या नाहीत. "ढकलाढकलीत घेतलेलं अंगाला लागत न्हाई," म्हणायच्या. मी शाळेत मास्तरीण, मला शिवण येतं असा माझा समज. एकदा त्यांच्या वाकळेवर पाच टाके घातले. चष्मासुद्धा न लावता म्हणाल्या, "उसवा."

त्यांची आणखी एक रीत होती. वाकळेचा चौथा कोपरा उघडा ठेवायच्या. ज्या घरची वाकळ, त्या घरच्या भाकरीचा वाळका तुकडा आत घालायचा, मगच कोपरा मिटवायचा. उपाशी वाकळेत झोप लागत नाही म्हणे.

"मुंग्या लागतील की हो चाची!"

"लागू द्यात. त्यास्नीबी सण हाय."

माझ्या सुनेला सातवा महिना लागला, तेव्हा श्रावणात मी माझ्या आईची चार लुगडी चाचींकडे दिली. आईला जाऊन वर्ष झालं होतं. पतवंडानं तिच्या लुगड्यांत झोपावं, एवढीच माझी इच्छा. नातू झाला आणि साताऱ्याला, सुनेच्या माहेरी, ऐन दिवाळीत बारसं ठरलं. वाकळ अजून हातभर राहिली होती.

"चार दिस थांबा, बाई."

"अहो, बारसं थांबतं का कुठं?"

तरातरा एसटी पकडून मी सांगलीला गेले. काय ती गर्दी! कुणाची पिशवी माझ्या बरगडीत, माझं कोपर कुणाच्या पाठीत, आणि दुकानाच्या दारात एक माणूस बोंबलतोय, "एकावर एक फुकट!" फुकट म्हटलं की आपली अक्कल कुठे गहाण पडते, तुम्हीच सांगा. अस्वलाचं चित्र असलेली दोन गुळगुळीत ब्लँकेटं घेऊन आले. एक बारशाला नेलं. दुसरं दोरीवर वाळत घातलं, आणि चाचींनी नेमकं ते चिमटीत धरलं.

"ह्याला अंग न्हाई, बाई."

"मऊ आहे. पोराला काय कळतंय?"

चाची भडकल्याच. "पोराला न्हाई, तुमाला तर कळतंय! आईच्या लुगड्यांसाठी चार दिस थांबवंना तुमाला? चार दिसांत पोरगं शाळंला जाणार हुतं व्हय?"

त्या खरं बोलत होत्या, म्हणूनच मला राग आला. "तुमच्या सुईच्या चालीनं जग चालत नाही, चाची," मी म्हणाले. गल्लीत, चारचौघींत. आज आठवलं की माझीच जीभ हासडावीशी वाटते.

त्यांनी चिमटीतली कड सोडली आणि त्या घरात गेल्या. मी वाकळ मागायला गेले नाही आणि त्यांनी धाडली नाही. त्यांचं दार माझ्या दारापासून वीस पावलांवर. दोन महिने मी ती वीस पावलं टाकली नाहीत. मुलांना शहाणपण शिकवायला मात्र रोज शाळेत जात होते!

संक्रांतीनंतर चाची वारल्या. तापाचं निमित्त झालं.

आठवड्यानं त्यांची सून वाकळ घेऊन आली. पूर्ण शिवलेली, टाक्याला टाका लागून. चौथा कोपरा तेवढा उघडा, आणि त्यात दोरा ओवलेली सुई टोचलेली.

"दिवाळीनंतर पाचव्या दिवशीच झाली हुती," सून म्हणाली. "मी म्हटलं, देऊन येऊ का? तर म्हणाल्या, न्हाई, बाई भाकरी घिऊन येतील की."

चुलीपुढं बसून मी भाकरीचा तुकडा कोरडा होईपर्यंत शेकला. कोपऱ्यात घातला. त्याच सुईनं, त्याच दोऱ्यानं कोपरा मिटवला. डोळ्यांना धड दिसत नव्हतं.

नातू आता त्या वाकळेवरच झोपतो. त्या कोपऱ्यात माझे पाच टाके आहेत, पाचही वाकडे. मी वाट बघते, पण "उसवा" कुणी म्हणत नाही.