शाळेच्या उंच खिडक्या

आमच्या गावातली इंग्रजांच्या काळातली शाळा काळ्या दगडाची. टोकदार कमानी, सागवानी छप्पर, आणि खिडक्या इतक्या उंच की कितीही टाचा उंचावल्या तरी आभाळाशिवाय काही दिसायचं नाही. पोरांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून मुद्दाम तसं बांधलंय, असं गुरुजी सांगायचे. त्या खिडकीतून बाहेर बघता येणं, एवढीच आमची तेव्हा मोठं होण्याची कल्पना.

पुढं ती इमारत मुलांसाठी धोकादायक ठरली. मुलं पटांगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली, आणि त्याच धोकादायक भिंती घासूनपुसून, एसी बसवून आत प्लॉट विकणाऱ्यांची ऑफिसं थाटली गेली. मुलांच्या डोक्यावर पडू शकणारं छप्पर साहेबांच्या डोक्यावर मात्र बरं टिकतं!

परवा कामासाठी तिथं जावं लागलं. मी कमानींकडे बघत राहिलो, तशा टेबलामागच्या बाई कौतुकानं म्हणाल्या, "छान आहेत ना? आम्ही काही म्हणजे काही बदललं नाही."

मुलं सोडली तर खरंच काही बदललं नव्हतं. मी उठून खिडकी उघडली. आता डोळे सहज पोचत होते. समोर ती शेड होती, आणि तापलेल्या पत्र्याखाली मुलं एका सुरात पाढे म्हणत होती.

"तेवढी खिडकी लावून घ्या हो," मागून बाई म्हणाल्या. "त्या पोरांमुळं कामात लक्ष लागत नाही."