दुकानाच्या दारातला रोलर

खंडेनवमीची सकाळ, बंगलोरला मारतहळ्ळीजवळचं आमचं नवंकोरं लेआउट, म्हणजे नवी वसाहत... आणि माझ्या दुकानाच्या दारात आडवा उभा रोड रोलर! दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उद्घाटन. माझं डोकं किती फिरलं असेल, विचारू नका.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर, सगळा संसार क्वार्टर्समध्ये गेलेला. इथे घर बांधलं तेव्हा आजूबाजूला नाचणीची शेतं होती, आणि शेताशेतात 'इथे शॉपिंग कॉम्प्लेक्स होणार' अशा पाट्या.

आमच्याकडे गॅरेज होतं, कार नव्हती. म्हटलं, इथे दुकान काढू... भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, भडंग. बंगलोरच्या मराठी बायका हे सगळं गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून मागवायच्या.

सगळ्यांनी वेड्यात काढलं. या रानात कोण येणार म्हणे! पण लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी माझ्या नावाचं होणार होतं, त्यामुळे मी हट्टालाच पेटले. दसऱ्याला सकाळी दहाचा मुहूर्त ठरवला, इंदिरानगर आणि चामराजपेटच्या वीसेक जणींना आमंत्रणं गेली. त्यातल्या निम्म्या गुडघेदुखीवाल्या.

आणि नेमकी तीन आठवडे आधी आमची गल्ली खणली. वर खडी ओतून ठेवली, अशी की धडधाकट माणसाचाही पाय मुरगळावा. ऑटोवाले मेन रोडवरूनच हात जोडायचे.

रस्त्याच्या कामावर एक मेस्त्री होते, हनुमंतप्पा. रायचूरकडचे, पिकलेल्या मिशांचे, अतिशय शांत. मी रोज गेटवर उभी राहून माझ्या मोडक्या कन्नडमध्ये त्यांच्यावर तोंडसुख घ्यायची. ते रोज मान हलवायचे आणि म्हणायचे, "नाळे, अक्का, नाळे." म्हणजे उद्या. तो उद्या काही उजाडत नव्हता.

रोलर आला तो थेट नवमीच्या आदल्या संध्याकाळी. मी म्हटलं, चला, सकाळी लागतील कामाला. सकाळी बघते तर काय, रोलर धुऊन पुसून चकाचक! दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं. आज आयुधपूजा, आज यंत्राला हात लावायचा नाही म्हणे.

मग काय, माझ्या तोंडाचा पट्टाच सुटला. कसली पूजा, एवढी माणसं यायचीयत, लाज नाही वाटत का... मराठी, हिंदी, कन्नड सगळं एकत्र. कामावरच्या बायका घमेली बाजूला ठेवून बघत राहिल्या. मेस्त्री खाली मान घालून उभे.

तणतणत घरात आले. ह्यांना म्हटलं, "अहो, निदान दुकानाची पाटी तरी ठोकून घ्या."

हे पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "कशाने ठोकू? हातोडी, ड्रिल सगळं तूच सकाळी पूजेत मांडलंयस. मी हात लावायला गेलो तर अंगावर आलीस."

मी देवासमोर बघितलं. हातोडी, ड्रिल, विळी, कात्री, आणि मधोमध दुकानाचा नवा वजनकाटा. सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं. मी स्वतः लावलेलं! माझी आयुधं ती आयुधं, आणि त्यांची?

शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका ताटात हळदकुंकू, फुलं आणि निरांजन घेतलं, पातेलंभर भडंग घेतलं आणि खडीतून ठेचकाळत गेले रोलरपाशी. माफी मागायला कन्नड येत नव्हतं. म्हणून रोलरला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं आणि भडंग सगळ्यांच्या हातांवर घातलं.

रस्त्याचं मी अवाक्षरही काढलं नाही. खरंच सांगते, आशाच सोडली होती. मुहूर्त गेला तर गेला.

मेस्त्रींनी भडंग चवीनं खाल्लं. मग दुकानाकडे बोट दाखवून मला विचारलं, "नाळे... एष्टु गंटे?" उद्या किती वाजता?

मी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली. तशी तर ते रोजच हलवायचे...

दसऱ्याला पहाटे जाग आली ती घराच्या काचा थरथरल्या म्हणून. गॅलरीत धावले. रोलर चालू होता! मेस्त्री पुढे उलटे चालत हातानं दिशा दाखवत होते, बायका मागून मुरूम पसरून पाणी मारत होत्या. सबंध गल्ली नाही, तेवढा वेळच नव्हता. फक्त मेन रोडपासून माझ्या गेटपर्यंत, एक ऑटो जाईल एवढाच पट्टा.

पावणेदहाला पहिली ऑटो थेट गेटशी आली. चामराजपेटच्या ऐंशीच्या काकू उतरल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू तर म्हणालीस रस्ता खराब आहे!" मला रडूच फुटलं.

पहिलं गिऱ्हाईक मात्र मी हट्टानं मेस्त्रींनाच केलं. पाव किलो भडंग.

चार दिवसांनी ती मंडळी रिंग रोडच्या कामाला गेली. पुन्हा कधी भेट झाली नाही. त्यांचं पूर्ण नावही मी विचारलं नव्हतं, नुसती भांडत राहिले होते.

आता इथे मॉल आहेत, फ्लायओव्हर आहेत, आणि ट्रॅफिक तर बोलूच नका. त्या गर्दीत माझं गॅरेजमधलं दुकान अजून चालू आहे. परवा खंडेनवमीला नेहमीसारखी वजनकाट्याची पूजा केली. एक फूल काट्याला वाहिलं... आणि एक, दरवर्षीसारखं, गेटबाहेर जाऊन रस्त्यावर ठेवून आले.