वन्संचा पुडा

वन्सं गेल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ नव्हते. रेशनच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढं चारच बायका उरल्या होत्या आणि आपल्यापर्यंत साखर पुरते की नाही या घोरात मी होते, तेवढ्यात शेजारची मालती आली. "काकी, घरी चला," म्हणाली. मी विचारलं, "सिलिंडर संपलं का?" ती माझा हात धरून मला रांगेतून बाहेर ओढायला लागली, तेव्हा कळलं. पिशवी आणि कार्ड मागच्या बाईच्या हातात दिलं आणि निघाले. सकाळी वन्संचा ताप उतरला होता. पेज प्यायल्या होत्या. चहात साखर कमी पडली म्हणून मला चार शब्द सुनावले होते, म्हणून तर मी रांगेत गेले होते. त्यांच्याजवळ मालतीची आई बसली होती. ती म्हणाली, बोलता बोलता मान खाली गेली, एवढंच. रांगेतल्या त्या बाईनं आमची साखर घरी पोचवली आणि समाचाराला आलेल्या माणसांचा चहा त्याच साखरेवर झाला.

याला आता सव्वा महिना झाला. पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसांवर लिहितात, ते मी वाचते. त्यातली सगळी माणसं गोड असतात. आमच्या वन्सं गोड नव्हत्या, हे आधीच सांगून टाकते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, शेवंताबाई. कमी वयात विधवा होऊन माहेरी परत आल्या आणि शिवाजी पेठेत वडिलांची चिरमुऱ्यांची भट्टी त्यांनी हातात घेतली. मी साठ-एकसष्ट साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा भट्टीच्या तोंडाशी त्याच बसलेल्या असायच्या. कढईत वाळू तापलेली, खाली शेंगांची टरफलं आणि भुसा जळतोय, आणि त्या धुरात वन्सं तांदूळ भाजतायत आणि बोलतायत. बोलणं कधी थांबायचं नाही. मैदानावर फुटबॉलची मॅच असली की दुपारपासून गिऱ्हाईक लागायचं, त्या दिवशी तर हात भट्टीत आणि तोंड रस्त्यावर. मला त्यांनी पहिल्याच दिवशी पुडे वळायला बसवलं. वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा, एक कोपरा बोटात धरून फिरवायचा, खाली टोक मिटलं पाहिजे आणि वर तोंड पसरलं पाहिजे. मी वळलेला पहिला पुडा त्यांनी उजेडाकडं धरला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुशे, ह्यो पुडा हाय का चाळण? टोक मिटलं न्हाय तर समदं गळतंय." भरल्या घरात सगळे हसले. ते मी विसरले नाही. त्यानंतर वीस वर्षं आम्ही एका छपराखाली राहिलो आणि आमचं कधी धड पटलं नाही. एकदा तर कसल्याशा कारणावरून दोन महिने अबोला होता. कारण काय ते आता आठवत नाही, पण चूक त्यांची होती.

पुढं माझे मालक गेले. मूल आम्हाला नव्हतं. घरात आम्ही दोघीच उरलो, आणि तोवर धुरानं वन्संची छाती खाऊन टाकली होती. आधी जिना चढवेना, मग अंगणात जाववेना. भट्टी बंद केली. दारातल्या फळीवर आम्ही दुसऱ्याकडून घेतलेले चिरमुरे आणि फुटाणे विकायला लागलो. वन्संचं बोलणं तुटायला लागलं. तीन शब्द, मग श्वास. परत तीन शब्द. गिऱ्हाईक वाट न बघता निघून जायचं. ओठ आणि नखं निळी दिसायला लागली तेव्हा मी त्यांना रिक्षात घालून राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी छातीचा एक्स-रे फोटो काढला, बराच वेळ बघितला आणि मला सांगितलं, "यांना रोज चौदा-पंधरा तास ऑक्सिजन लागेल. घरी सिलिंडर ठेवा. लावला तर दिवस निघतील. नाही लावला तर हा उन्हाळा अवघड आहे."

सिलिंडर आलं. माणसाएवढं उंच, काळं, पांढऱ्या खांद्याचं. त्याच्या तोंडाशी वायू किती येतो ते दाखवणारं घड्याळ आणि तो कमीजास्त करायची किल्ली, पुढं पाण्याची बाटली, तिच्यातून बुडबुडे निघायचे आणि तिथून तांबड्या रबराची नळी. ती नळी नाकात आतवर सारायची आणि गालावर पट्टीनं चिकटवायची. खोलीत विस्तव नको, म्हणून स्टोव्ह मागच्या पडवीत गेला आणि निरांजन लागतं म्हणून देव्हारा त्याच्याशेजारी. वन्सं म्हणाल्या, "देवाला बाहीर काढलं... आणि नळकांड्याला... आत घेतलं." पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या माणसाकडून त्यांनी नळी घालून घेतली. तो गेला आणि त्यांनी पट्टी उपटून नळी भिरकावली.

"मी काय... बैल हाय? येसण... घातलीया नाकात."

त्यांच्या सासरी गावाकडं बैल होते. येसण घालताना बैल कसा डोळे फिरवतो ते त्यांनी बघितलेलं. एकदा तो शब्द त्यांच्या तोंडातून निघाला आणि नळीचं कामच संपलं. मी घालायची, त्या काढायच्या. नाकपुडी आतून सोलली, गालाची कातडी पट्टीबरोबर निघाली. त्यात माझ्याकडूनही एक मूर्खपणा झाला. नाक कोरडं पडलं की आपण तूप लावतो. मी सायीचं तूप करंगळीनं त्यांच्या नाकात लावलं आणि वाटी ठेवली सिलिंडरच्या डोक्यावर. तेवढ्यात सिलिंडर बदलणारा माणूस आला. तो एवढ्यानं ओरडला की मालतीची आई धावत आली. "बाई, प्राणवायूला आन् तुपाला जमत न्हाय! किल्लीला तुपाचं बोट लागलं तर पेट घेतंय! घर जाळताय व्हय?" तेव्हापासून तो दर खेपेला आधी माझे हात बघायचा आणि मगच सिलिंडर उतरवायचा. मीही साबणानं हात धुतल्याशिवाय किल्लीला कधी हात लावला नाही.

नळी नको तर दुसरं काय, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी रबराचा मुखवटा दिला. नाकातोंडावर बसणारा, मागून पट्टा. वन्संनी तो पाच मिनिटं ठेवला, काढला आणि म्हणाल्या, "आधी येसण... आता मुसकं." मळणीच्या बैलानं कणसं खाऊ नयेत म्हणून त्याच्या तोंडाला जाळी बांधतात, ते मुसकं. आणि खोटं नव्हतं, मुखवट्यात बोलता येत नव्हतं, खाता येत नव्हतं. मग मी खाटेवर प्लास्टिकचा कागद टाकून तंबू केला आणि नळी आत सोडली. त्यात त्या घामानं भिजल्या आणि आतून ओरडल्या, "सुशे, कोंबडी... डाललीस व्हय गं?" रात्री कोंबडी डालग्याखाली झाकतात, तशी. तोही काढला.

मी इतका खटाटोप का केला? पुरवणीत लिहितात तसं माया वगैरे मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी उपाय सांगितला होता, तो घरात उभा होता, आणि नाकातली एक नळी सोसत नाही म्हणून माणूस जाणार, हे मला पटत नव्हतं. मला हरायचं नव्हतं. त्या गेल्यावर घरात मी एकटी, हे तेव्हा मी मनात येऊ दिलं नाही. आता लिहिताना येतं.

मग एक दुपार आली. वन्संनी नळी काढून खाटेच्या कडेला टाकली होती आणि ती फुसफुस करत होती. भांडून भांडून मी दमले होते, म्हणून किल्लीही बंद केली नाही. खाली बसून पुडे वळत होते. वन्सं वरून बघत होत्या. माझा एक पुडा सुटला. झालं. त्यांनी हात पुढं केला, "आण... हिकडं," आणि माझ्या गठ्ठ्यातला कागद ओढून एका वेढ्यात पुडा वळला. हात तसेच होते, भट्टीवरचे. शेजारी ती नळी फुसफुसतच होती. वन्संनी तिचं तोंड पुड्याच्या टोकात खुपसलं आणि तिलाच म्हणाल्या, "घे... चिरमुरं खा... आन् गप ऱ्हा." आणि तो पुडा तसाच छातीशी धरून मला ऐकवायला लागल्या. वीस वर्षांत मला एक पुडा नीट येत नाही, माझ्या आईनं काय शिकवलं, हे सगळं. मी मान खाली घालून वळत होते. जरा वेळानं माझ्या ध्यानात आलं, की हे बोलणं तुटत नाहीये. त्या मान वाकवून माझ्याशी बोलत होत्या आणि पुड्याचं उघडं तोंड बरोबर त्यांच्या हनुवटीखाली होतं.

"वन्सं," मी म्हटलं, "तुमी मघापास्नं थांबला न्हाईसा."

"कुठं थांबू?"

"श्वास घ्यायला."

त्यांनी पुड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि पुडा खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना घरी घेऊन आले. त्यांना पुडा बघून हसू आलं, ते त्यांनी लपवलं नाही. पण मग हातातल्या घड्याळावर वन्संचे श्वास मोजले, नखं बघितली, ओठ बघितले, पंधरा मिनिटं बसून राहून परत मोजले. म्हणाले, "यात हवा बरीच बाहेर जाते. नळीइतकी पोचत नाही. सिलिंडर लवकर संपेल."

मी म्हटलं, "नळी त्या लावतच न्हाईत. मग ती किती पोचती?"

यावर त्यांनी किल्ली थोडी वाढवली, वन्संकडं बघत बघत, आणि सिलिंडरच्या घड्याळावर चिकटपट्टीची बारीक खूण केली. "याच्यापुढं न्यायचं नाही. ऑक्सिजन जास्त झाला तर गुंगी येते, तेही वाईट. आणि झोपताना मात्र नळी." वन्सं म्हणाल्या, "झोपल्यावर काय बी बांधा. जागी असताना न्हाय." तसं ठरलं. झोपेसाठी डॉक्टरांनी पुढं पुण्याहून मऊ प्लास्टिकची, नाकाच्या तोंडाशीच राहणारी नळी मागवून दिली. तिला मी कानामागं कापूस लावत असे.

कागदाचा पुडा पाण्याच्या बाटलीतल्या ओलीनं तासाभरात मऊ पडायचा. वन्सं दिवसाला दहा वळायच्या. मला ते बघवेना. छातीचा जुना फोटो घरात पडून होता. नवा काढल्यावर त्याचा उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी तो सोड्याच्या गरम पाण्यात टाकला आणि काथ्यानं घासला. काळं बुळबुळीत होऊन सुटत गेलं आणि खाली निळसर, काचेसारखा कागद निघाला. तो वन्संनीच वळला, कारण माझा सुटला असता. मी नायलॉनच्या दोऱ्यानं शिवला. वरची कडा मानेला कापायची, तिला माझ्या जुन्या लुगड्याचा हिरवा काठ लावला. मोडक्या छत्रीची काडी वाकवून गळ्यात अडकवायला कडं केलं आणि परकराच्या नाडीनं बांधलं. हात मोकळे, तोंड मोकळं. वन्संनी तो गळ्यात घातला आणि म्हणाल्या, "माझीच छाती माझ्या हनुवटीखाली!" आणि हिरवा काठ चाचपून, "पण आता माणसागत वाटतंय." त्यांनी मला शाबास म्हटलं नाही. मी वाटही बघितली नव्हती.

त्यानंतर वन्सं दोन दिवाळ्या जगल्या, आणि जगल्या त्या दारात बसून. सिलिंडर आत, लांब नळी उंबऱ्यावरून बाहेर आणि गळ्यात तो पुडा. विडी ओढत कुणी आलं की रस्त्याच्या पलीकडूनच त्याला थांबवायच्या, "आदी ती इझीव, मग ये." पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक बिचकायचं. एकानं विचारलं, "मावशी, ह्यो कर्णा कशाला गळ्यात?" वन्सं म्हणाल्या, "इलेक्शनला हुबी हाय. मत दे न्हायतर चिरमुरं घे." त्यानं दोन पुडे चिरमुरे घेतले. मी आत बसून ऐकत होते. ते वाक्य त्यांनी एका दमात म्हटलं होतं.

सिलिंडर परत गेलं. तो माणूस नेताना सवयीनं माझे हात बघून गेला. देव्हारा मी अजून पडवीतच ठेवला आहे. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी उचगावचे एक गृहस्थ माझ्याकडं पाठवले. त्यांच्या आई नळी उपटून टाकतात. त्यांना वन्संचा पुडा न्यायचा होता. मी दिला नाही. म्हटलं, "बसा खाली, पावणं," आणि त्यांच्यापुढं कागदाचा गठ्ठा ठेवला. किल्लीची खूण डॉक्टरांकडूनच करून घ्या आणि तुपाचा हात लावू नका, हे आधी सांगितलं. मग वळायला शिकवलं. शिकलेला, पँटवाला माणूस, पण पहिला पुडा सुटला. दुसराही सुटला. मी तो उजेडाकडं धरला आणि म्हटलं, "टोक मिटलं न्हाय तर समदं गळतंय." सातवा जमला. जाताना जुना फोटो कसा घासायचा तेही विचारून गेले.

वन्संचा पुडा खुंटीला आहे. खिडकीतून ऊन आलं की त्यात दोन बरगड्या दिसतात. मी तेव्हा खूप घासलं होतं, पण तेवढ्या दोन निघाल्या नव्हत्या. सोडा घरात आहे, काथ्याही आहे. मी आता घासणार नाही.