रसाची की मळीची

कॉव्हेंट्रीतल्या आमच्या शेजारणीचं माहेर कॅरिबियनमधल्या एका बेटावर आहे. गेल्या उन्हाळ्यात ती तिकडून पांढऱ्या रमची बाटली घेऊन आली. म्हणाली, "उसाच्या ताज्या रसाची आहे. माझ्या भावाने स्वतः गाळली."

माझा मुलगा हसला. "रम मळीचीच असते. भावाने थाप मारली तुम्हाला."

बाईचा चेहरा उतरला. भावाला खोटं पाडलेलं कुणाला आवडेल? मी म्हटलं, "आण ती बाटली इकडे."

"आई, तुला काय कळणार? तू कधी थेंब तरी घेतलायस का?"

"चौथीनंतर शाळा सोडून वडलांच्या गुऱ्हाळावर राबले मी. रस कळतो मला."

थोडी रम तळहातावर घेतली, हात एकमेकांवर चोळले आणि नाकाशी धरले. आधी दारूचा झणका आला. तो उडून गेल्यावर उसाचा हिरवा वास मागे राहिला, चरकाजवळ पडलेल्या ओल्या चिपाडांना येतो तसा. मळीचा वास मला पक्का ठाऊक आहे. कारखान्याच्या वाटेवर नाकाला पदर लावून चालायचो आम्ही. तो वास इथे नव्हता.

"रसाचीच आहे," मी सांगितलं. "माफी माग त्यांची."

मुलाने निमूट माफी मागितली. शेजारणीने लगेच मला ग्लास भरून दिला. मी तो मुलाकडे सरकवला. "वास मी घेतला, आता चव तू घे."

त्याने ऐटीत मोठा घोट घेतला आणि ठसका लागून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारीण इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली.