सहाव्या भागात गेलेला ड्रायव्हर

हां, तर काल आपण त्या पाटीपाशी थांबलो होतो. 'पुढचा भाग फोडणाऱ्याचे कपडे इस्त्री न करता परत.' आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याने ती स्वतःच्या हाताने लिहून दुकानात टांगलेली. त्याला सगळे कडक म्हणतात, ते खळीमुळे. मनाने माणूस अगदी मऊ.

मोबाइल खळीच्या डब्याला टेकवलेला, त्यावर मालिका चालू, आणि शेजारच्या खुर्चीत त्याची ताई. ताईला दिसत नाही. रुमालांच्या घड्या मात्र अशा घालते, की पट्टी लावून बघा. मालिकेतलं बोलणं ती ऐकते. न बोलता जे घडतं ते कडक सांगतो. "बाईने पत्र फाडलं, ताई. चार तुकडे."

गिऱ्हाइकंही मालिकावेडी. नर्सबाईंचं एक ॲप, पोस्टमनचं दुसरं.

"तुमच्या ॲपवर नुसते खून हो!"

"आणि तुमच्यावर नुसती लग्नं. त्यापेक्षा खून बरे!"

पण पुढचं कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा कितीदा जीभ चावून बसलोय.

एका मालिकेत बंगल्यावरचा म्हातारा ड्रायव्हर होता. त्याचा आवाज आला, की ताईला आपले वडील आठवायचे. म्हणायची, "अगदी आपले अण्णा." तो सहाव्या भागात बाकावर बसल्या बसल्या गेला. शब्द नाही की सूर नाही.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

कडकची इस्त्री हवेतच राहिली. "काही नाही. गाडीची काच पुसतोय."

त्यानंतर वीस भाग तो काच पुसत राहिला. कधी पावसात छत्री धरायचा, कधी मांजराला हाकलायचा. बंगल्यातल्यांनी पुन्हा त्याचा विषयही काढला नाही, तेही कडकच्या पथ्यावरच पडलं. बाकी काम पाटीने केलं.

गेल्या आठवड्यात नर्सबाई आल्या त्या उड्या मारतच. "ऐकलंत का? स्पिन-ऑफ येतेय! त्या ड्रायव्हरला उचलून त्याचीच वेगळी मालिका, तरुणपणाची. बिचारा गेला तेव्हा मी किती रडले होते!" ही तर नुसती बातमी, यात पुढचा भाग कुठे फुटतो, असं त्यांना वाटलं.

ताईचा हात रुमालावर थांबला. "कधी गेला रे?"

"सहाव्या भागात."

"मग इतके दिवस काच कोण पुसत होतं?"

ताई उठली आणि भिंत चाचपत आत गेली. मला वाटलं, संपलं. आता ही याच्या तोंडचं एक अक्षर खरं मानणार नाही, आणि याच्या डोळ्यांवाचून तिला दुसरे डोळे आहेत कुठे?

परवा सदरे आणायला गेलो, तर ताई खुर्चीत आणि मोबाइल डब्याला टेकलेला. मी कडकला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, आता तरी खरं सांगतोस ना तिला?"

"सांगतो की, आजोबा. ताईचीच अट आहे, आधी दिसतं ते सांग, मग तुझं सांग. त्यामुळे एका भागाला दोन तास लागतात. तुमचे सदरे उद्या न्या."